गोठ्यातल्या बैलांचे भाडे
(नांदेड-लातूर जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अर्थशास्त्री म्हटला की आपल्याला धसका बसतो. कापूस स्वस्त, ज्वारी स्वस्त, त्यातच देशाचे भले, असे सांगणारेच आपण जास्त पाहिले. आज आम्ही वेगळ्या अर्थशास्त्र्याची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव माधव गोडबोले.

अर्थशास्त्राचे डॉक्टर, 1959 चे सनदी अधिकारी. राज्याचे वित्त सचिव, वीज मंडळाचे अध्यक्ष, दिल्लीत पेट्रोलियम आणि गृह सचिव. 1993 मध्ये मुदतीआधीच नोकरी सोडली. 2001 मध्ये राज्य सरकारने त्यांना एन्रॉनचा हिशेब तपासायला बसवले.

काय होता हा हिशेब? 1992 मध्ये दाभोळच्या विजेची बोलणी एकट्या एन्रॉनशी झाली. निविदा नाही, दुसऱ्या कुणाला भाव विचारला नाही. 1995 मध्ये नव्या सरकारने करार मोडला आणि 1996 मध्ये आणखी मोठा करून पुन्हा केला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार द्यायचाच, आणि तोही डॉलरशी बांधलेला. म्हणजे भाड्याने बैलजोडी आणली, पाऊस पडला नाही, बैल गोठ्यातच राहिले, तरी भाडे द्यायचेच!

1999 मध्ये वीज सुरू झाली. दोनच वर्षांत मंडळाला ती परवडेना. एप्रिल 2001 मध्ये गोडबोले समितीने स्पष्ट लिहिले, की हा दर पेलणारा नाही आणि चूक एका सरकारची नाही, साऱ्या कारभाराची आहे. ज्या सरकारची चाकरी तीस वर्षांवर केली, त्यालाच हे सुनावले.

एन्रॉनमध्ये विकणारा एकच होता. कापसात घेणारा एकच होता. 1972 पासून जवळपास तीस वर्षे एकाधिकार खरेदी चालली. आंध्रात भाव चढा असला तरी किनवटचा कापूस कायद्याने नाका ओलांडू शकत नव्हता. दोन्हीकडे रोग एकच: दुसऱ्याला भाव विचारायची सोय नाही.

आज एन्रॉन नाही, एकाधिकारही नाही. गोडबोले 2022 मध्ये गेले. पण घरच्या लाईट बिलावर ‘स्थिर आकार’ ही ओळ आहे. गावी जाऊन ती वाचा. वीज नियामक आयोग दर ठरवतो तेव्हा साध्या ग्राहकालाही लेखी हरकत घेता येते. हरकतीत दोनच प्रश्न लिहा: दुसऱ्या कुणाला भाव विचारला का? आणि बैल गोठ्यात राहिले, तर भाडे कोणाच्या खिशातून?