मँगनीज व बालकांचे आरोग्य
(शिक्षक-संमेलनात झालेले व्याख्यान)



नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस मँगनीज हे नाव परके नाही. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघणारे हे काळे, जड खनिज भूगोलाच्या पाठात येते आणि त्या भागातील कित्येक घरांची चूलही त्यावरच पेटते. पोलादास कणखरपणा आणणारे द्रव्य म्हणून शाळेत त्याची ओळख करून दिली जाते. परंतु हेच द्रव्य प्रत्येक माणसाच्या शरीरातही असते, ही गोष्ट पाठात सहसा येत नाही. तेथे ते कमी पडले तर काय होते, अधिक झाले तर काय होते, आणि बालकांच्या बाबतीत अधिक सावधगिरी का हवी, याचा विचार ग्रामीण शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

प्रौढ मनुष्याच्या शरीरातील सर्व मँगनीज एकत्र केले, तर ते अवघे १० ते २० मिलिग्रॅम भरेल. चिमूटभर मिठाहूनही कमी. तथापि हाडांची व कूर्चेची घडण, अन्नातील पिष्ट व स्निग्ध पदार्थांचा विनियोग, आणि पेशींमध्ये प्राणवायूच्या उपयोगातून निर्माण होणाऱ्या घातक द्रव्यांचा निचरा, ही कामे त्यावाचून नीट होत नाहीत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००१ साली प्रौढ पुरुषास दररोज २.३ व स्त्रीस १.८ मिलिग्रॅम मँगनीज पुरेसे मानले आहे. कोंड्यासह दळलेले गहू, हातसडीचे तांदूळ, हरभरा व इतर डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या आणि चहा यांतून ते सहज मिळते.

मग याची उणीव भासते काय? १९३१ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे द्रव्य प्राण्यांस आवश्यक असल्याचे दिसून आले. पुढे कोंबड्यांच्या पिलांत याच्या अभावी घोट्याजवळील शीर जागेवरून सरकते व पाय वाकडा होतो, असेही आढळले. माणसात मात्र अशी उणीव क्वचितच दिसते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७ पुरुषांस ३९ दिवस जवळजवळ मँगनीजविरहित आहार दिला असता, त्यांपैकी ५ जणांच्या अंगावर बारीक पुरळ उठले. एवढी टंचाई मुद्दाम घडवून आणावी लागली, यातच बोध आहे. ज्या ताटात भाकरी, वरण व पालेभाजी आहे, त्या ताटात मँगनीजची चिंता नको. त्यासाठी निराळ्या गोळ्या घेण्याचेही प्रयोजन नाही.

खरा धोका आधिक्याचा आहे. अन्नातून आलेल्या मँगनीजवर शरीराचा चांगला पहारा असतो. प्रौढाच्या आतड्यात त्याच्या १०० भागांपैकी साधारणतः ३ ते ५ भागच शोषले जातात, आणि रक्तातील जादा भाग यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासावाटे गेलेली धूळ मात्र हा पहारा चुकविते. ती फुप्फुसांतून रक्तात उतरते व यकृताकडे न जाता मेंदूपर्यंत पोहोचू शकते. मेंदूच्या ज्या खोल भागाकडून हालचालींचे नियमन होते, तेथेच मँगनीज साचते.

याची पहिली नोंद १८३७ सालची आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी ब्लीचिंग पावडर तयार करण्यासाठी मँगनीजचे काळे खनिज दळणाऱ्या मजुरांस जॉन कूपर या वैद्याने तपासले. त्यांच्या पायांतील बळ गेले होते, चाल लटपटत होती, आवाज क्षीण झाला होता व चेहऱ्यावरील भाव मावळले होते. आज या विकाराचे साम्य कंपवाताशी दाखविले जाते. परंतु कंपवातावरील औषधाचा याला फारसा गुण येत नाही. वेळीच धुळीपासून दूर केल्यास रोगी सुधारू शकतो. विकार मुरल्यावर तो बहुधा कायमचा राहतो. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सूचनापात्र रोगांच्या परिशिष्टात मँगनीजच्या विषबाधेचा समावेश केला, तो याच कारणास्तव. खाणींच्या प्रत्येक गावी हा रोग आहे, असा याचा अर्थ नव्हे. धुळीपासून जपले पाहिजे, एवढाच अर्थ आहे.

पाण्यावाटेही आधिक्य होऊ शकते. १९४१ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, एका विहिरीजवळ बॅटरीचे सुमारे ४०० निकामी सेल पुरले गेले होते. त्यांतील मँगनीज झिरपून पाण्यात उतरले आणि ते पाणी पिणाऱ्या २५ जणांपैकी अनेकांस सुस्ती, स्नायूंचा ताठरपणा, कंप व बुद्धिभ्रम झाला. काही ठिकाणी खडकातूनच मँगनीज भूजलात येते. कॅनडातील क्यूबेक प्रांतात ६ ते १३ वर्षे वयाच्या ३६२ मुलांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घरच्या नळाच्या पाण्यात मँगनीज अधिक होते, त्यांचे बुद्धिगुणांक सरासरीने कमी आढळले. एका पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु दक्षतेस ती पुरेशी आहे. भारतीय मानकाने २०१२ साली पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. दुसरा उद्भव नसेल तेथे ०.३ पर्यंत मुभा ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ०.०८ ही तात्पुरती मर्यादा सुचविली, ती बाटलीने दूध पिणारी अर्भके डोळ्यांपुढे ठेवून.

अर्भकांचाच विचार का? त्यांचे यकृत अपक्व असल्याने जादा मँगनीज नीट बाहेर पडत नाही. आईच्या दुधात ते अत्यल्प असते. परंतु दूषित पाण्यात कालविलेल्या दुधाच्या भुकटीतून ते पुष्कळ जाऊ शकते. याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. लोह व मँगनीज आतड्यातून एकाच वाटेने आत येतात. शरीरात लोह कमी असले, की ती वाट अधिक मोकळी होते व मँगनीज जास्त शोषले जाते. म्हणजे रक्त कमी असलेल्या मुलास या द्रव्याचा उपद्रव अधिक संभवतो.

येथेच शिक्षकाचे कार्य सुरू होते. दर आठवड्यास शाळेत येणारी लोहाची गोळी, लहानांची गुलाबी व मोठ्यांची निळी, जेवणानंतर आपल्यासमोर घ्यावयास लावावी. ती दप्तरात जाऊ देऊ नये. निकामी सेल फोडून आतील काळा मसाला खेळावयास घेण्याची सवय मुलांस असते, ती मोडावी. असे सेल विहिरीजवळ टाकू देऊ नयेत. खनिजाच्या ढिगांवर मुलांनी खेळू नये, आणि खाणीत काम करणाऱ्यांचे धुळीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत, हे पालक-सभेत सांगावे. शाळेच्या हातपंपाखालील फरशीवर वा भांड्यांवर काळे-तपकिरी डाग पडत असतील, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा व मँगनीजची तपासणी आवर्जून मागावी. डाग लोहाचेही असू शकतात, निर्णय प्रयोगशाळेचाच. पाणी उकळल्याने जंतू मरतात, मँगनीज जात नाही, हेही मुलांना समजावून द्यावे.

शिक्षक हा वैद्य नव्हे. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाच्या मंदपणाचे कारण भूक, जागरण, अधू दृष्टी, बहिरेपणा किंवा घरातील दुःख असू शकते. मँगनीज त्या मानाने क्वचितच असेल. परंतु मुलाच्या बुद्धीस दोष देण्यापूर्वी त्याच्या ताटात काय आहे व तो कोठले पाणी पितो, एवढी चौकशी शिक्षकास करता येते. ‘मठ्ठ’ हा शिक्का एकदा बसला की पुसणे कठीण जाते. पाण्याचा नमुना पाठविण्यास मात्र एक बाटली व एक अर्ज पुरतो.