पुस्तकातली अळी, लिंबोणीवरची अळी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



"तू बालवाडीत शिकवतेस, त्याबद्दल पाच मिनिटं बोल," असं संयोजकांनी सांगितलं. आमच्याकडे दर पावसाळ्यात फुलपाखराचा पाठ असतो. तेवढ्यावरच बोलते.

सुरुवात चित्रांच्या पुस्तकानं होते. एरिक कार्ल यांचं भुकेल्या अळीचं पुस्तक 1969 साली निघालं. तुमच्यापैकी अनेकांनी ते मुला-नातवंडांना दाखवलं असेल. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, आणि शनिवारी केक-आइस्क्रीम खाऊन पोट दुखवून घेते. पानांना भोकं आहेत. मुलं त्यात बोटं घालतात. गोष्ट मी मराठीत सांगते. वार, आकडे आणि अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हा क्रम चार वर्षांचं मूल दोन दिवसांत पाठ करतं.

मग आम्ही अंगणातल्या लिंबोणीपाशी जातो. कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर अंडं असतं. तीन-चार दिवसांत अळी निघते. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आम्ही दोन-तीन अळ्या बरणीत ठेवतो आणि रोज ताजी पानं घालतो.

एकानं डब्यातली सफरचंदाची फोड तिच्यापुढे ठेवली. "बाई, ही खाईनाच की!" फोड वाळून गेली, अळी लिंबाचं पानच खात राहिली. मुलांनी निकाल दिला: "पुस्तकातली अळी वेगळी, आपली वेगळी." छापलेली गोष्ट झाडापाशी नेऊन तपासायची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलांनी स्वतःच्या अनुभवातून शिकावं, हा आग्रह धरून लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये आपल्या कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. माझ्यासारख्या अनेक बाईंना त्यातून बळ मिळालं.

पुस्तकात पान उलटलं की कोषाचं फुलपाखरू होतं. बरणीत मात्र आठ-दहा दिवस काहीच घडत नाही. मुलं रोज चपला काढून आधी बरणीकडे धावतात. "अजून अ-आ लिहायला येत नाही, आणि तुम्ही अळ्या काय दाखवताय?" असं पालक विचारतात. मी त्यांनाही सकाळी पाच मिनिटं बरणीपाशी उभं करते.

गेल्या वर्षी तीन कोष झाले. दोनांतून फुलपाखरं निघाली. तिसरा काळपट पडला आणि एके दिवशी त्याला बारीक भोक पडून इवले इवले कीटक बाहेर आले. एका मुलीनं विचारलं, "मग आमचं फुलपाखरू कुठं गेलं?" मी खरं ते सांगितलं: गांधीलमाशीच्या नात्यातले हे कीटक. त्यांच्या आईनं कोषात अंडी घातली, पिल्लं आत वाढली, आणि फुलपाखरू झालंच नाही. सगळा वर्ग गप्प झाला. तेव्हा आम्ही वर्गाचं चित्रपुस्तक करत होतो. त्या मुलीनं एक जास्तीचं पान मागून घेतलं आणि त्यावर भोक पडलेला कोष काढला. "हे पान काढून टाका, मुलांना वाईट वाटेल," असं काही मोठ्यांनी सुचवलं. पान तिथंच आहे. मुलं पुस्तक वाचताना त्या पानावर थांबतात, आणि मग पुढचं उलटतात.

आज अनेकांनी गुरुजनांना म्हटलं, "तुम्ही आम्हा सुरवंटांची फुलपाखरं केलीत." फुलपाखरू कोषातून निघतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात, ते लटकून राहतं आणि हळूहळू पसरतात. घाईनं कोष फोडून मदत केली तर पंख अधूच राहतात. सर, बाई, तुम्ही आम्हाला पानं पुरवलीत आणि कोषाला हात लावला नाहीत. हे किती अवघड असतं, ते मला आता रोज कळतं.

शेवटी एक मागणं. शाळेच्या वाचनालयाला प्रत्येकानं एक मराठी चित्रपुस्तक द्यावं, आणि घरी लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं एक रोप लावावं. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. पानं कुरतडलेली दिसली तर औषध फवारू नका. शेजारच्या लहान मुलांना हाक मारा.