चार घरांचा समाज

(तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. पण आजचा विषय माझ्या घरचाच आहे: बारामती-इंदापूर भागातला मुलाणी समाज. समाज म्हटलं की मोठा मोहल्ला डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडं मात्र एका गावात मुलाण्यांची दोन घरं, पुढच्या गावात चार, आणि सोबतीला एखादं आतार नाहीतर तांबोळ्याचं. गावात सोयरीक जुळणं अवघड, म्हणून ती दौंड, फलटण, माळशिरसपर्यंत जाते. रोजचं सुखदुःख मात्र गावातल्या मराठा, धनगर, माळी शेजाऱ्यांबरोबरच.

आम्ही गावात आलो ते कामामुळं. ग्रँट डफनं दिलेल्या बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्या पंक्तीत मुलाणाही आहे. काही ठिकाणी त्याची गणना अलुतेदारांत होते. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा. त्यातही तो भेटतो. मशिदीत दिवाबत्ती करायची, निकाह लावायचा, मयताला माती द्यायची, मोहरमला पंजे बसवायचे. आणि गावच्या जत्रेत बकरं हलाल करायचं. नवस हिंदू शेतकऱ्याचा, देव त्याचा, पण सुरी मुलाण्याची. त्याशिवाय ते मटण गाव खात नसे. बदल्यात सुगीला खळ्यावर धान्य आणि बकऱ्यातला ठरलेला वाटा मिळायचा.

हे ऐकलं की लोक म्हणतात, केवढा सलोखा होता! सलोखा होताच. पण खळ्यावर पोतं घेऊन उभं राहणारा माणूस आणि त्यात पायली टाकणारा माणूस बरोबरीचे नव्हते. पीक बुडालं की बलुतंही बुडायचं. शिवाय मुलाण्याला कमी लेखणारे आपल्याच लोकांत होते आणि आजही आहेत. 'आम्ही शेख, आम्ही सय्यद, तुम्ही मुलाणी' असं शहरात स्थळं बघताना ऐकायला मिळतं. तेव्हा जुन्या गावाचे गोडवे गाताना हेही सांगितलं पाहिजे.

ती व्यवस्था हळूहळू मोडली. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. पुढं ऊस आला, साखर कारखाने आले आणि धान्याच्या जागी रोकड आली. १९५३ साली मुंबई राज्यानं गावोपयोगी सेवा इनामं कायद्यानं रद्द केली. १९८० च्या सुमारास उजनी धरण भरलं आणि इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावं उठली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक फोटो काढायला जातात. कब्रस्तानाला शिखर नसतं. ते कुठं होतं, हे ज्यांनी तिथं माती दिली त्यांनाच ठाऊक.

काम गेलं, पण माणसं गावात राहिली आणि बोलीही राहिली. आमच्या घरातली दखनी ऐका: 'मैंच गया था', 'इतनाच बस', 'नक्को'. हा 'च' आणि हे 'नको' मराठीतूनच आलेलं. उर्दूवाले हसतात, मराठीवालेही हसतात. आमचं मात्र त्यावाचून अडतं. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्या दारावरूनच जाते. देहूहून निघाल्यावर तिची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे आमच्याकडं कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही.

मग आज अडचण कुठं आहे? पूर्वी गावात आमची ओळख कामानं होती: 'आपला मुलाणी'. आता जत्रेचं मटण दुकानातून येतं, आणि गावातल्या नव्या पोराला आम्ही मोबाईलमधून कळतो. त्यात 'आपला' उरत नाही, नुसता 'मुसलमान' उरतो. कागदावरही तेच. मुलाणी राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखल्याला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि जुन्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात बऱ्याचदा फक्त 'मुसलमान' लिहिलेलं असतं. माझ्या धंद्यात आम्ही म्हणतो, रकान्यात जे भरलं नाही ते यंत्राच्या लेखी नसतंच. इथं त्यापायी मुलीचा कॉलेजातला प्रवेश अडतो.

म्हणून तीन कामं सुचवतो. एक, आपापल्या गावच्या कब्रस्तानाची सातबाऱ्यावर काय नोंद आहे ते तलाठ्याकडं जाऊन बघा. नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. दोन, घरातली जुनी कागदं, मग ती मोडीतली का असेनात, त्यांचे फोटो काढून ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. तीन, म्हाताऱ्या बायकांशी बोला. सोयरीक कुठून कुठं झाली, कोण कुठल्या गावाहून उठून आलं, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

शेवटचं एक. जत्रेत आमची सुरी लागायची म्हणून आम्ही गावाचे, हा दाखला आता पुरणार नाही, आणि पुरूही नये. उपयोगी पडण्यावर टिकलेलं नातं उपयोग संपला की संपतं. सुरी लागो न लागो, चार घरांचा माणूसही ग्रामसभेत चारशे घरांच्या माणसाइतकाच बसू शकतो. हा हक्क आम्हाला बलुत्यानं कधी दिला नव्हता, संविधानानं दिला. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जा, बहिणींनाही घेऊन जा, आणि मागं उभं न राहता पुढं जाऊन बसा.