वहीला उत्तर हवं
(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



आपल्याला इंग्रजी भेटलं ते पाचवीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. तोवर आपण शाळा सोडून गेलो होतो. काळ, प्रयोग सगळं पाठ असूनही बाहेर चार वाक्यं बोलताना घसा कोरडा पडायचा. आपलं इंग्रजी तपासलं जायचं, पण त्याला उत्तर कुणी देत नसे. एवढ्या मोठ्या वर्गात सरांना तरी ते कसं जमणार?

आज मी मराठी माध्यमाच्या आठवीला इंग्रजी शिकवते. मुलांना एक वेगळी वही दिली आहे. आठवड्यातून एकदा मनातलं चार ओळींत लिहायचं. तिथे लाल पेन चालत नाही; मी फक्त उत्तर लिहिते.

एका मुलीने लिहिलं, ‘अवर काऊ गिव्ह काफ.’ मी खाली विचारलं, ‘युअर काऊ गेव्ह बर्थ टू अ काफ? इज द काफ हेल्दी?’ पुढच्या वेळी तिच्या ओळीत ‘द काफ’ आपसूक आलं. मराठीत ‘अ’, ‘द’ नाहीत. नुसत्या नियमाने ते अंगवळणी पडत नाहीत, वापरात दिसले की पडतात.

माझ्याकडे बेचाळीस वह्या आहेत. एकटीला पुरं पडत नाही. उत्तर आलं नाही, की मुलं लिहायची थांबतात. तुमच्यापैकी प्रत्येकाने महिन्यातून एका वहीला चार ओळी लिहाल का? चुका काढू नका. विचारा, वासरू कसं आहे?