पैसे आहेत, तरी खेळाडू घेता येत नाही! एमएलएसच्या रोस्टर नियमांचा हिशोब

मागच्या भागानंतर एकाच विषयावर सगळ्यात जास्त मेसेज आले. एकाने तर रात्री दीड वाजता व्हॉइस नोट पाठवली. "दादा, फुटबॉल मॅनेजरमध्ये अमेरिकेतला क्लब घेतलाय. बजेटमध्ये पैसे दिसतायत, प्लेयर यायला तयार आहे, समोरचा क्लब विकायला तयार आहे. तरी गेम म्हणतोय, जमणार नाही. लॅपटॉप खिडकीतून फेकून देऊ का?"

नको रे बाबा. लॅपटॉप राहू दे. आजचा भाग तुझ्यासाठीच आहे.

मी स्वतः एमएलएसमधले दोन सेव्ह अर्धवट सोडलेत, त्यामुळे हे दुखणं मला माहीत आहे. माझी पहिली चूक सांगतो. एक विंगर घेत होतो. पगार वर्षाला ६ लाख डॉलर, ट्रान्सफर फी १२ लाख, करार तीन वर्षांचा. मी म्हटलं, पगार तर मर्यादेच्या आत आहे, काय प्रॉब्लेम? आणि तिथेच अडकलो. का अडकलो, ते पाचेक मिनिटांत कळेल.

आधी एक गोष्ट. नियम दरवर्षी थोडे बदलतात. मी २०२४ च्या हंगामाचे आकडे धरतोय. तुमच्या गेमची आवृत्ती वेगळी असेल तर स्पर्धेच्या नियमांचं पान उघडून आकडे बघा. हिशोबाची पद्धत मात्र हीच.

आता आयपीएल डोळ्यासमोर आणा. ऋषभ पंत २७ कोटींना लखनौकडे गेला, तेव्हा लखनौच्या पर्समधून पूर्ण २७ कोटी गेले. सरळ हिशोब. एमएलएसमध्ये इथेच गोची आहे. तिथे खेळाडूला किती पैसे देता हा एक आकडा, आणि तो कॅपमध्ये किती मोजला जातो हा दुसरा आकडा. या दुसऱ्या आकड्याला 'बजेट चार्ज' म्हणतात. आजच्या भागातून एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल: तुमच्या खात्यातले पैसे विसरा, बजेट चार्ज बघा.

२०२४ मध्ये प्रत्येक क्लबची कॅप होती ५४ लाख ७० हजार डॉलर. एका खेळाडूचा जास्तीत जास्त चार्ज ६ लाख ८३ हजार ७५०. गुणाकार करून बघा, हा बरोबर आठवा हिस्सा आहे. सोळा आण्यांतले दोन आणे.

मग मेस्सी कसा बसतो? खेळाडूंच्या संघटनेने जाहीर केलेल्या यादीप्रमाणे २०२४ मध्ये त्याची हमीची रक्कम २ कोटी ४ लाख ४६ हजार ६६७ डॉलर होती. म्हणजे अख्ख्या संघाच्या कॅपच्या पावणेचार पट एकटा माणूस! पण कॅपमध्ये तो मोजला जातो फक्त दोन आणे. कारण तो डिझिग्नेटेड प्लेयर आहे. डीपी. व्हॉट्सअॅपचा डीपी नव्हे! बेकहॅम २००७ मध्ये एलए गॅलक्सीकडे आला तेव्हा हा नियम आला, म्हणून त्याला बेकहॅम रूलही म्हणतात. वरचा पगार मालकाने खिशातून द्यायचा, कॅपला त्याचं काही नाही. पण अशा खुर्च्या तीनच.

मी मुद्दाम 'खुर्च्या' म्हणतोय. एमएलएसचा संघ म्हणजे वेगवेगळ्या भाड्याच्या खुर्च्यांचा हॉल समजा. एकूण ३० खुर्च्या. पहिल्या २० कॅपमध्ये मोजल्या जातात. उरलेल्या १० मोजल्या जात नाहीत. तिथे किमान पगारावरची पोरं आणि अकॅडमीतून वर आलेले होमग्रोन खेळाडू बसतात. बरेच जण या दहा खुर्च्यांकडे बघतही नाहीत. पण चांगला संघ इथेच बांधला जातो, कारण इथला माणूस चांगला निघाला तर तो कॅपच्या हिशोबात फुकट पडतो.

तिसऱ्या प्रकारच्या खुर्च्या आहेत यू-२२ च्या. या २०२१ मध्ये आल्या. तरुण खेळाडू घ्या, फी कितीही द्या, चार्ज फक्त दीड किंवा दोन लाख. फी मोजलीच जात नाही.

आणि इथे माझ्या विंगरची गोष्ट पूर्ण होते. साध्या खुर्चीवर बसणाऱ्या खेळाडूची ट्रान्सफर फी कराराच्या वर्षांत वाटून चार्जमध्ये धरली जाते. १२ लाख भागिले तीन, म्हणजे वर्षाला ४ लाख. त्यात ६ लाख पगार. चार्ज झाला १० लाख! मर्यादेपेक्षा ३ लाख १६ हजार २५० जास्त. माझ्या तिन्ही डीपी खुर्च्या भरलेल्या. खेळ खल्लास.

सुटका होती का? होती. तिचं नाव अॅलोकेशन मनी. नावात मनी असलं तरी तो मनमानी खर्च करायचा पैसा नाही. ती लीगने दिलेली कुपनं समजा, चार्ज कमी करण्यासाठी. दोन प्रकार आहेत. जनरल, म्हणजे गॅम. आणि टार्गेटेड, म्हणजे टॅम. २०२४ मध्ये प्रत्येक क्लबला २५ लाख ८५ हजारांचं गॅम आणि २४ लाखांचं टॅम मिळालं. माझ्या विंगरवर ३ लाख १६ हजार २५० चं टॅम लावलं असतं तर तो साध्या खुर्चीवर बसला असता. मी काय केलं होतं? टॅम आधीच दोन म्हाताऱ्या डिफेंडरांवर उधळून बसलो होतो.

गॅम आणि टॅममधला फरक लक्षात ठेवा. गॅम दुसऱ्या क्लबला देऊन त्या बदल्यात खेळाडू घेता येतो. टॅम देता-घेता येत नाही. म्हणून आधी टॅम संपवा, गॅम जपून वापरा.

आता परदेशी खेळाडू. क्लबमागे साधारण ८ जागा असतात, पण जागाच विकता-घेता येतात. त्यामुळे एखाद्या क्लबकडे जास्त, एखाद्याकडे कमी. आणि अमेरिकन क्लबमधल्या खेळाडूला ग्रीन कार्ड मिळालं की तो परदेशी मोजला जात नाही, जागा मोकळी होते. मेसेज करणाऱ्या मित्रा, माझा अंदाज आहे, तुझं घोडं इथेच अडलंय. आधी जागा मोजून बघ.

"एवढं कशाला? थोडं इकडेतिकडे केलं तर कोण बघतं?" असं वाटत असेल, तर इंटर मियामीचा किस्सा ऐका. मेस्सीच्या आधीचा. २०२० मध्ये त्यांनी फ्रान्सच्या ब्लेझ मत्युदीला टॅमवाला खेळाडू म्हणून दाखवलं. लीगने चौकशी केली, तर त्याला खरे पैसे जास्त मिळत होते, म्हणजे तो डीपी ठरत होता. २०२१ मध्ये निकाल आला. क्लबला २० लाख डॉलर दंड. त्याहून लागणारी गोष्ट म्हणजे २०२२ आणि २०२३ मिळून २२ लाख ७१ हजार २५० डॉलरचं अॅलोकेशन मनी कापलं. दंड मालक भरतो, पण कुपनं गेली की संघ लंगडा होतो.

हा सगळा खटाटोप आला कुठून? अमेरिकेत आधी एनएएसएल नावाची लीग होती. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडे आला, मग बाकीच्यांनीही ऐपत नसताना पैसे ओतले. १९८४ च्या हंगामानंतर लीग बंद. दुधाने तोंड पोळलं, म्हणून ताकही फुंकून प्यायचं ठरलं. १९९६ मध्ये एमएलएसचा पहिला हंगाम झाला, तेव्हा खेळाडूंचा करार क्लबशी नाही, थेट लीगशी, अशी रचना केली. पुढचे सगळे अपवाद, डीपी, टॅम, यू-२२, हे त्या कुलपात एकेक करून पाडलेली भोकं आहेत.

या रचनेची दुसरी बाजू मला गेममध्येच कळली. माझ्या दुसऱ्या सेव्हमध्ये अकॅडमीतून आलेला १९ वर्षांचा मिडफिल्डर होता. मीच त्याला खेळवून मोठा केला. मला गॅम हवं होतं, दुसऱ्या क्लबने ऑफर दिली, मी ओके दाबलं. दोन सेकंदांत पोरगं देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी वाट बघत होतो की आता त्याच्याशी कराराची बोलणी होतील, तो नाही म्हणेल. काहीच नाही. मला वाटलं, बग आहे. बग नव्हता. खऱ्या लीगमध्येही करारात तशी अट नसेल तर खेळाडूला न विचारता ट्रेड करता येतो. २०२४ मध्ये राखीव खेळाडूचा किमान पगार होता ७१ हजार ४०१ डॉलर. मेस्सीची रक्कम त्याच्या २८६ पट. दोघं एकाच मैदानावर, पण सामान बांधायची वेळ आली की विचारलं कोणाला जाणार, ते तुम्हीच सांगा. त्या रात्री मी गेम बंद केला आणि थोडा वेळ नुसताच बसलो. खोटं कशाला बोलू.

तर मंडळी, पुढच्या वेळी करारावर सही करायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा कुठल्या खुर्चीवर बसणार? फी धरून याचा चार्ज किती? परदेशी असेल तर जागा आहे का? तिन्ही उत्तरं आली तरच पुढे जा. आणि महाग पण तरुण खेळाडू दिसला, तर पहिल्यांदा यू-२२ ची खुर्ची आठवा.

मी तिसरा सेव्ह सुरू केलाय. यावेळी अकॅडमीतलं एक पोरगं कितीही गॅम मिळालं तरी द्यायचं नाही, असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतो. तुमचा सेव्ह कुठे अडकलाय ते व्हॉइस नोट करून पाठवा. आणि दीड वाजता झोपत जा रे! भेटूया पुढच्या भागात.