कमिशनवरचा विक्रेता : नोकर की स्वतंत्र कंत्राटदार?



माझा आजचा विषय रूक्ष वाटेल. परंतु तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात शिरलेला आहे. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी विम्याची वा घरांची विक्री, किंवा मुले शाळेत गेल्यावर भगिनींनी पत्करलेले एखाद्या कंपनीच्या मालाचे विक्रीकाम, हे चित्र आपल्याला परके नाही. मीही काही वर्षे कमिशनवर विक्री केली. कंपनीने प्रदेश नेमून दिला, किंमत ठरवून दिली, दर सोमवारच्या बैठकीची सक्ती केली. वर्षअखेरीस मात्र डब्ल्यू-२ ऐवजी १०९९ चा कागद हाती आला. मी 'स्वतंत्र कंत्राटदार' आहे असे करारनाम्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेले होते. ते वाचूनच मी सही केली होती. अर्थ एप्रिलमध्ये कळला.

नोकराच्या वेतनातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर यांसाठी ७.६५ टक्के कापले जातात आणि तितकीच रक्कम मालक भरतो. कंत्राटदाराला दोन्ही हिस्से, म्हणजे १५.३ टक्के, स्वतःच भरावे लागतात. १२,००० डॉलरच्या निव्वळ मिळकतीवर ही रक्कम सुमारे १,७०० डॉलर होते, प्राप्तिकर निराळा. काम सुटल्यास बेकारीभत्ता सहसा मिळत नाही, अपघात झाल्यास कामगार-भरपाईचा विमा नाही, संघटना करण्यास कामगार-कायद्याचे संरक्षण नाही.

आपल्या समाजाने तर आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण कामावरील भेदभावास मनाई करते, पण ते नोकरांसाठी आहे. कंत्राटदाराला वंशभेदाविरुद्ध १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार उरतो, कारण तो करार करण्याच्या हक्काचे रक्षण करतो. धर्मावरून किंवा स्त्री म्हणून झालेला अन्याय मात्र त्यात बसत नाही.

मग नोकर कोण? करारनाम्यातील शब्दाने ते ठरत नाही. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रविक्रेत्यांना नोकर मानण्याचा निर्णय उचलून धरला, तेव्हा काँग्रेसने १९४७ मध्ये कायदा बदलून स्वतंत्र कंत्राटदारांना कामगार-कायद्याबाहेर काढले. तरीही १९६८ साली युनायटेड इन्शुरन्स कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने घरोघर हप्ते गोळा करणाऱ्या, कमिशनवरच्या एजंटांना नोकर ठरविले. त्यांना पूर्वशिक्षण लागत नव्हते, कंपनीच शिकवीत असे. व्यवहार कंपनीच्या नावाने होई आणि अटी कंपनी एकतर्फी ठरवी. आपापले करारनामे या कसोटीवर घासून पाहा.

१९९२ च्या डार्डेन खटल्यात मात्र न्यायालय अधिक सावध झाले. एकाच कंपनीचा विमा विकणाऱ्या एजंटाने निवृत्तिलाभ मागितले होते. त्याने काय अपेक्षा बाळगली होती हे न पाहता कामाच्या पद्धतीवर ताबा कोणाचा, ही जुनीच कसोटी लावावी, असे सांगून न्यायालयाने प्रकरण परत पाठविले.

करकायद्याची तर गंमतच आहे. पूर्णवेळ आयुर्विमा विकणारा सोशल सिक्युरिटीपुरता 'कायद्याने मानलेला नोकर' असतो. उलट परवानाधारक घरविक्री एजंट आणि घरोघर माल विकणारे यांना, मोबदला विक्रीवर अवलंबून असला व तसा लेखी करार असला, तर १९८२ च्या कायद्याने संघीय करापुरते नोकर मानले जात नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून कंत्राटदार ठरविण्याची कसोटी कडक झाली, तीतूनही हेच दोघे आणि विमा एजंट वगळलेले आहेत. ज्यांना गरज अधिक, त्यांनाच दार बंद, असे माझे मत आहे.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये लिहिले आहे की, बेकार माणसासमोर नोकरी आणि मूलभूत हक्क यांतील एकाची निवड ठेवली, तर तो काय निवडेल याविषयी शंका नको. मी सही केली तेव्हा माझी अवस्था याहून वेगळी नव्हती.

ज्यांचे स्वतःचे कार्यालय आहे, जे अनेक कंपन्यांचा माल विकतात, त्यांना कंत्राटदार असणे लाभाचेही ठरते. खर्चाची वजावट मिळते. एच-१बी व्हिसावरील बांधवांनी मात्र हा मोह टाळावा. तो परवाना अर्ज करणाऱ्या मालकापुरताच असतो.

ज्यांना आपण खरे तर नोकर आहोत असे वाटते, त्यांनी महसूल खात्याकडे एसएस-८ हा फॉर्म पाठवावा. शुल्क लागत नाही. महिनोन्महिने वाट पाहावी लागते आणि खाते कंपनीकडेही विचारणा करते, हे जाणून पाठवावा. सोबत ८९१९ हा फॉर्म भरल्यास केवळ नोकराचाच हिस्सा भरता येतो. मी स्वतः तो पाठविला नाही. काम आपल्याच ओळखीच्या गृहस्थाने मिळवून दिले होते, त्यांना अवघडल्यासारखे होईल म्हणून गप्प बसलो आणि दोन्ही हिस्से भरले. दोन्ही फॉर्मच्या प्रती भोजनकक्षाच्या दाराशी ठेवल्या आहेत. सोमवारच्या सक्तीच्या बैठकांच्या तारखा लिहून ठेवण्यास आजपासूनच प्रारंभ करावा.