अक्षराच्या पोटातलं पांढरं



अक्षरं आणि बोधचिन्हं घडवायला शिकणारा विद्यार्थी दिवसभर नेमकं काय करतो, यावर बोला, असं व्याख्यानमालेच्या मंडळानं मला सांगितलं. समोर पालक मंडळी बरीच दिसतात. प्रवेशाच्या दिवसांत त्यांचा प्रश्न मी दरवर्षी ऐकते: चार वर्षं फी भरायची, ती एक चिन्ह काढायला शिकण्यासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. काळी रेघ बरी मारता येते म्हणूनच मूल आमच्याकडे येतं. त्याला शिकायचं असतं ते पांढरं बघायला. ‘व’च्या पोटात, दोन दांड्यांच्या मधे, शिरोरेषेच्या खाली जी कोरी जागा राहते, तिला आम्ही पोकळी म्हणतो. डोळा अक्षर ओळखतो ते बऱ्याच अंशी या पोकळीवरून. ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक एका तिरक्या रेघेचा. पण त्या रेघेनं पोटातलं पांढरं दुभागलं जातं, आणि लांबून पाटी वाचताना आपल्याला मदत होते ती त्या दुभागलेल्या पांढऱ्याची.

तुमच्या सगळ्यांच्या खिशात असलेल्या एका चिन्हापासून सुरुवात करते. रुपयाला स्वतःचं चिन्ह असावं म्हणून केंद्र सरकारनं २००९ मध्ये खुली स्पर्धा घेतली. ३,००० हून जास्त प्रवेशिका आल्या, अंतिम फेरीत पाच उरल्या, आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळानं त्यातली एक मान्य केली. ती डी. उदयकुमार यांची होती. ते पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागात पीएच.डी. करत होते, आणि त्यांच्या संशोधनाचा विषय होता तमिळ अक्षररचना. आपण किराणा दुकानाच्या बिलावर आणि नाण्यावर रोज पाहतो ते चिन्ह असं एका विद्यार्थ्यानं काढलेलं आहे.

ते काय आहे, बघा. देवनागरी ‘र’ आहे आणि रोमन ‘आर’ही आहे, ‘आर’ची उभी दांडी मात्र काढून टाकली आहे. वर शिरोरेषा, आणि तिच्या खाली तिला समांतर दुसरी रेघ. या दोन रेघा आणि त्यांमधलं पांढरं मिळून तिरंग्याचा भास होतो, असं उदयकुमारांनी सांगितलेलं आहे. मला त्या पांढऱ्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा पट्टा शाईनं भरला तर जाड शिरोरेषेचा नुसता ‘र’ उरेल, चलनाचं चिन्ह उरणार नाही. चिन्हाचं सगळं वेगळेपण त्या कोऱ्या जागेत आहे, आणि विद्यार्थ्यांना मी हे चिन्ह पहिल्यांदा दाखवते तेव्हा त्यांची नजर नेमकी तिथेच जात नाही. ती काळ्या रेघांवर फिरत राहते.

हे चिन्ह घडवण्यात एक पेचही होता, आणि तो कळायला बोरू हातात घ्यावा लागतो. बोरूच्या टोकाला तिरका छाट देतात. देवनागरीसाठी हा छाट रोमनच्या उलट बाजूनं असतो. त्यामुळे आपल्या लिपीत उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. रोमनमध्ये याच्या नेमकं उलट. आता ‘र’चा पाय आणि ‘आर’चा पाय दोन्ही उजवीकडे खाली उतरतात. ‘र’चा पाय बारीक हवा, ‘आर’चा जाड. एकाच चिन्हात दोन्ही अक्षरं नांदवायची तर हा पाय कसा काढायचा? मूळ चिन्हात सगळ्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या ठेवल्या आहेत. माझ्या मते त्या निर्णयामुळेच हे चिन्ह दोन्ही लिप्यांच्या शेजारी परकं वाटत नाही. २०१० मध्येच त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि तेव्हापासून नवा टंक, म्हणजे फॉन्ट, करणाऱ्या प्रत्येकाला या पायाच्या जाडीचा निर्णय स्वतःसाठी पुन्हा घ्यावा लागतो. चांगला टंक आणि घाईनं केलेला टंक यांतला फरक पाहायचा असेल तर रुपयाच्या चिन्हाचा पाय पाहा.

म्हणून आमच्याकडे पहिल्या वर्षी बोरू आधी हातात देतात. बाजारात मिळणारी सपाट टोकाची पेनं बहुतेक रोमनसाठी बनवलेली असतात. त्यांनी ‘म’ काढला की तो दिसतो ‘म’सारखाच, पण त्याचं वजन चुकीच्या बाजूला पडतं. मुलांना नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण टोचतं हे कळतं. ते टोचणं महत्त्वाचं आहे. तिथून डोळा तयार व्हायला लागतो.

पांढऱ्याचं काम दाखवणारी आणखी दोन चिन्हं तुमच्या ओळखीची आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी १९७१ मध्ये स्टेट बँकेचं चिन्ह केलं: निळं वर्तुळ, मधोमध छोटं पांढरं वर्तुळ आणि तिथून सरळ खाली उतरणारी पांढरी चीर. ती चीर बुजवली तर निळी चकती आणि मधलं भोक एवढंच उरेल. सत्तरच्या दशकात त्याच संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याच्या रेखाटनातून दूरदर्शनचं चिन्ह आलं. त्यातही मधल्या गोळ्याभोवतीची मोकळी जागाच त्याला डोळ्याचं रूप देते.

हे ज्ञान नवं नाही. छापखान्याच्या काळात ते कारागिराच्या बोटांत होतं. मुंबईच्या निर्णयसागरची अक्षरं आजही पोथ्यांत आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत पाहायला मिळतात. जावजी दादाजींच्या त्या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी पंच कोरले. पंच म्हणजे पोलादाच्या कांडीच्या टोकावर कोरलेलं उलटं अक्षर. तो तांब्यात ठोकून मातृका करायची आणि मातृकेत शिसं ओतून खिळा पाडायचा. पंच कोरणारा माणूस काळी रेघ काढतच नाही. जिथे पांढरं राहायला हवं तिथला धातू तो कोरून काढतो, उरतं ते अक्षर. त्याच्यासाठी पोकळी हेच काम होतं. बारीक आकाराच्या खिळ्यात ‘क्ष’ची किंवा ‘ज्ञ’ची पोकळी जरा जास्त मोकळी ठेवावी लागते, कारण कागदावर शाई पसरते आणि बारीक पांढरं आधी गिळते. मुद्रणतज्ज्ञ बापूराव नाईक यांनी देवनागरी अक्षररचनेचा हा सगळा इतिहास तीन खंडांत लिहिला. भाषा संचालनालयानं ते १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. कला महाविद्यालयाच्या प्रत्येक वर्गात ते खंड टेबलावर असावेत, कपाटात बंद नसावेत, असं मला फार मनापासून वाटतं.

पोकळी जपण्याचा हाच धडा अक्षररचनाकार कमल शेडगे यांच्याकडून शिकता येतो. २०२० मध्ये ते गेले, पण त्यांनी काढलेली नाटकांची आणि मासिकांची शीर्षकं तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर असतील. वर्तमानपत्राचा कागद हलका आणि नाटकाच्या जाहिरातीची जागा लहान. अशा ठिकाणी पोकळ्या मोजून ठेवल्या नाहीत तर सकाळी घरी येतो तो काळा गोळा. शेडग्यांच्या अक्षरांत नाटकाचा स्वभाव उतरतो असं आपण म्हणतो, ते खरंच आहे. विद्यार्थ्यांना मात्र मी त्यांची कात्रणं उलटी धरायला लावते. उलटं धरलं की शब्द वाचता येत नाही, आणि मग त्यांनी पांढऱ्याची केलेली वाटणी दिसू लागते.

आता एका विद्यार्थिनीचं काम जरा सावकाश सांगते. ती मराठवाड्यातली. तिच्या मामांचा लाकडी घाणा आहे, करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल काढतात. बाटलीवर एकच शब्द टाकायचा ठरलं होतं: ‘घाणा’. तो शब्दच बोधचिन्ह म्हणून घडवायचा, हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प.

पहिल्या आठवड्यात तिनं कान्याचा थेंब केला, ‘ण’चा बैल केला, शिरोरेषेला जू केलं. सगळी मुलं इथूनच सुरुवात करतात, आणि करावीच. डोक्यात वर तरंगत असलेलं आधी कागदावर येऊन जायला हवं. मग मी तिला चित्रं बाजूला ठेवून नुसता शब्द लिहायला सांगितलं. रद्दीच्या कागदावर, बोरूनं, हात दुखेपर्यंत.

चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, “मॅडम, या शब्दात दांड्याच दांड्या आहेत.” बरोबर होतं. ‘घ’ची दांडी, तिच्याजवळ काना, मग ‘ण’च्या उभ्या रेघा, पुन्हा काना. सगळ्या सारख्या अंतरावर ठेवल्या तर शब्द खिडकीच्या गजांसारखा दिसतो आणि कुठली दांडी कुठल्या अक्षराची ते कळत नाही. दांड्या तर बदलता येत नाहीत, त्या लिपीनं दिल्या आहेत. बदलता येतं ते त्यांच्या मधलं अंतर. तिचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

मधे एक वळण आलं, ते सांगितलंच पाहिजे. हल्ली शिरोरेषा काढून टाकलेली बोधचिन्हं खूप दिसतात. तिनंही काढून पाहिली. शब्द हलका झाला, देखणाही झाला. ती कागद घेऊन कॅन्टीनमधल्या मावशींकडे गेली आणि म्हणाली, “वाचा.” मावशींनी वाचलं, “धाणा.” देवनागरीत ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, ‘घ’ आणि ‘म’ यांच्यावर ती अखंड असते. वळणंही थोडी निराळी आहेत, पण चालता चालता वाचणाऱ्याला ती तुटलेली जागाच पुरते. सगळी शिरोरेषा काढली की ही खूण जाते. गुजराती लिपीनं शिरोरेषेशिवाय आपली वळणं घडवली आहेत, तिला ते शोभतं. आपण नुसती रेघ पुसून तो हलकेपणा मिळवू पाहतो, तेव्हा वाचणाऱ्यावर अन्याय होतो. हे माझं ठाम मत आहे, आणि पुष्कळ तरुण डिझायनर माझ्याशी यावर वाद घालतात. घालावा.

शिरोरेषा परत आली. मग तिनं पद्धत उलटी केली. कागदावर काळ्या शाईची आडवी पट्टी भरली आणि पोस्टर व्हाइटनं पोकळ्या काढायला लागली. ‘घ’च्या पोटाची वळणदार पोकळी, मग उभ्या पांढऱ्या फटी. अक्षर आणि त्याचा काना यांतली फट अरुंद ठेवली, ‘घा’ आणि ‘णा’ यांच्या मधली रुंद. डोळ्याला दोन जोड्या दिसल्या आणि शब्द बोलायला लागला. इथे पट्टीनं मोजून भागत नाही. वळणाजवळचं पांढरं मापापेक्षा मोठं भासतं, सरळ दांड्यांमधलं आवळलेलं भासतं. म्हणून ती कागद भिंतीवर लावून लांबून बघायची, उलटा करून बघायची, मागून खिडकीच्या उजेडात धरून बघायची. दिवसाला एखाद्या केसाएवढा फरक व्हायचा. पालकहो, घरी मुलगी एकच शब्द पुन्हा पुन्हा काढताना दिसली तर तिचा वेळ वाया जात नाहीये, एवढं लक्षात असू द्या.

पुढची परीक्षा वापराची. तोच शब्द बाटलीच्या झाकणावर, रबरी शिक्क्यावर आणि खोक्याच्या खरखरीत पुठ्ठ्यावर. पुठ्ठ्यावर शाई पसरली आणि सगळ्यांत अरुंद फट बुजली. तिला तेव्हा आरूंच्या पंचांची आठवण करून दिली. तिनं लहान आकारासाठी वेगळं रेखाटन केलं, फटी थोड्या उघडल्या, ‘घ’चं पोट मोठं केलं. दोन्ही शेजारी ठेवली तर वेगळी दिसतात. आपापल्या जागी एकच वाटतात.

संगणक यात केव्हा येतो, हे विचारलं जाईल. हे सगळं झाल्यावर. संगणकाबद्दल मला अढी नाही. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकारानं विंडोजसाठी ‘मंगल’ टंक घडवला, आणि वर्षानुवर्षं पडद्यावर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांचे डोळे त्यावर पोसले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा टंक पाहा: अक्षरं इतकी फुगवली आहेत की पोकळीची फक्त केसभर रेघ राहते, तरी प्रत्येक अक्षर वाचता येतं. पांढरं किती कमी करता येईल याचा तो कस आहे, आणि हाताला वळण असलेल्या माणसांनाच ते जमतं. पडद्यावर अक्षर भिंतीएवढं मोठं करून त्याची कड घासत बसणाऱ्या मुलांना मी उठवून लांब उभं करते, कारण तेवढ्या जवळून पोकळी दिसत नाही.

त्या मुलीचं काम अजून संपलेलं नाही. खाद्यपदार्थाच्या लेबलावर नुसती मराठी चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदी मजकूर लागतोच. मामांना नाव रोमनमध्येही हवं आहे. एरवी रोमन आधी ठरतं आणि देवनागरी त्याच्या मापात कोंबली जाते. वरच्या मात्रा आणि खालचे उकार मग चेपले जातात. तिनं क्रम बदलला आहे. देवनागरी शब्द जसाच्या तसा ठेवून, देवनागरीच्याच छाटाचा बोरू घेऊन, ती आता रोमन अक्षरं त्याच्या शेजारी बसवते आहे. रोमन ‘ए’ची त्रिकोणी पोकळी ‘घ’च्या पोटाशी अजून जुळत नाही, आणि ‘एन’ची तिरकी रेघ या बोरूनं बारीक येते. ती तशीच ठेवावी की जाड करावी, यावर आमचा वाद गेल्या आठवड्यात सुरू झाला आहे. मी ‘बारीक ठेव’ म्हणते. तिला अजून पटलेलं नाही.